साठ वर्षांचे कुलूप

कॉपीराइटविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा एखाद्या वाङ्मयचौर्याच्या निमित्ताने. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याचे लेखन किती वर्षे वारसांच्या ताब्यात राहावे, याची चर्चा मात्र क्वचितच होते. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने मला हाच प्रश्न अधिक गंभीर वाटतो.

१९५७च्या कायद्याने ही मुदत पन्नास वर्षे ठरवली होती. बर्न कराराची किमान अपेक्षाही तेवढीच. रवींद्रनाथ टागोर १९४१मध्ये निवर्तले. त्यांचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि १९९१च्या अखेरीस ते संपणार होते. वर्ष संपायला मोजके दिवस उरले असताना, २८ डिसेंबरपासून, मुदत साठ वर्षे झाली. १९९२च्या दुरुस्ती कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. एका लेखकासाठी केलेली ही सोय देशातल्या सर्व भाषांतील सर्व लेखकांना लागू झाली.

हक्क खुले झाले की भ्रष्ट आवृत्त्यांचे पेव फुटेल, असा युक्तिवाद अशा वेळी केला जातो. ही भीती निराधार नाही. पण संहितेची मोडतोड रोखण्यासाठी कायद्यात ५७वे कलम स्वतंत्रपणे आहे आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर त्याला कॉपीराइटच्या मुदतीचे बंधनही उरलेले नाही. शुद्ध संहितेसाठी मक्तेदारी लांबवण्याची गरज नव्हती.

या वाढीव दहा वर्षांची झळ मोठ्या लेखकांना फारशी लागली नाही. साने गुरुजींचे निधन १९५०चे. त्यांचे लेखन २००१ऐवजी २०११मध्ये खुले झाले. तरी मधल्या काळातही ‘श्यामची आई’ वाचकाला मिळतच होती. खपणाऱ्या पुस्तकाला प्रकाशक असतो, वारसांचा पत्ता असतो. खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या लेखकांची. १९४०मध्ये कथा लिहून १९८५मध्ये वारलेल्या लेखिकेची ती कथा २०४५च्या अखेरपर्यंत बंद राहते. कथेचे वय तेव्हा एकशे पाच वर्षांचे असेल. दरम्यान प्रकाशनसंस्था बंद पडलेली असते, आणि हक्क आपल्याकडे आहेत हे नातवंडांनाही ठाऊक नसते. जुन्या स्त्रीलिखित कथांचे संकलन करताना हा अनुभव मला पुन्हा पुन्हा आला. नकार कोणीच दिला नाही, कारण विचारावे असे कोणी सापडलेच नाही. प्रकाशकाने त्या कथा गाळायला लावल्या. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. कायद्याचा धोका त्याच्या माथी होता.

कायद्याने यावर उपाय ठेवला आहे. हक्कधारक सापडत नसेल, तर ३१-अ कलमाखाली परवाना मागता येतो. पण त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. भाषांतर काढायचे असेल, तर भाषांतराच्या भाषेतल्या दैनिकातही. म्हणजे मराठी कथा मराठीतच छापायची, तर तिच्या वारसांचा शोध इंग्रजीतून घ्यायचा! पुढे अर्ज, व्यावसायिक न्यायालय, आणि ठरेल ती रॉयल्टी. पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला हा खटाटोप परवडेल कसा? ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत करण्याची मुभा आहे खरी. पण त्यामुळे पुस्तक टिकते, वाचकापर्यंत पोचत नाही.

वारसांना काहीच मिळू नये, असे माझे म्हणणे नाही. लेखनावर जगणाऱ्याच्या कुटुंबाला आधार हवाच. पण जे पुस्तक कोणी छापतच नाही, त्यातून वारसांना तरी काय मिळते? म्हणून दीर्घकाळ अनुपलब्ध असलेल्या पुस्तकांसाठी वेगळी, सोपी तरतूद हवी: पुस्तकाच्याच भाषेत जाहीर सूचना, ठरावीक प्रतीक्षा, आणि वारस पुढे आल्यास त्याला देण्यासाठी रॉयल्टीची राखीव रक्कम. तोवर एक गोष्ट हयात लेखकांच्या हाती आहे. २१व्या कलमानुसार लेखकाला आपला हक्क जाहीर सूचनेने सोडता येतो. तेवढे मन होत नसेल, तर हक्क कोणाकडे राहतील याची स्पष्ट नोंद मृत्युपत्रात करावी. विसाव्या शतकातील मराठी कथेचा इतिहास आज आपण उपलब्ध पुस्तकांवरून लिहितो. त्यातून कोण गळाले हे वाङ्मयीन निवडीने ठरले की कुलपाने, याचा शोध समीक्षेने घ्यायला हवा.