बॅच नंबर कशाचा?

गोळ्यांची कोणतीही पट्टी उलटी करून पाहा, तीवर बॅच नंबर छापलेला असतो. भज्यांचे जसे घाणे काढतात, तसेच बहुतेक कारखान्यांत गोळ्यांचेही काढतात. भुकटी मोजायची, मिसळायची, दाबून गोळ्या करायच्या आणि टप्प्याटप्प्याला थांबून नमुने तपासायचे. एका घाण्यातल्या सर्व गोळ्यांचा नंबर एकच. पण भुकटी एका टोकाने अखंड आत जात असेल आणि दुसऱ्या टोकाने गोळ्या बाहेर पडत असतील, तर हा नंबर कशाचा म्हणायचा?

एचआयव्हीवरील 'प्रेझिस्टा' या ६०० मिलिग्रॅमच्या गोळ्या जॅन्सेन कंपनी पूर्वी घाण्यांनी बनवीत असे. त्या अखंड पद्धतीने बनविण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१६ मध्ये मान्यता दिली. आधीच मंजूर असलेल्या औषधाची पद्धत अशी बदलण्यास मिळालेली ती पहिलीच मान्यता. या पद्धतीचे कौतुक होते ते वेगाबद्दल. आम्हांला ते अपुरे वाटते. वेळ वाचतो तो मुख्यतः दोन टप्प्यांमधले थांबणे गेल्यामुळे. आमच्या मते कसोटी वेगळी आहे: चूक झालीच, तर ती नेमकी कोणत्या गोळ्यांत गेली हे सांगता येते का? एचआयव्हीच्या रुग्णाला औषध वारंवार कमी पडले, तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

या कसोटीचे मर्म पिठाच्या गिरणीत दिसते. बाजरीच्या दळणानंतर गहू टाकला, तर सुरुवातीच्या पिठात बाजरी येते. म्हणून तर 'गव्हावरच गहू दळा' असे घरून बजावलेले असते. मिसळयंत्रातही एकाच क्षणी आत गेलेले कण काही लवकर, काही उशिरा बाहेर येतात. हा फरक आधी मोजून ठेवला, तर भुकटी सोडणारे यंत्र काही सेकंद अडखळल्यास कोणत्या वेळेच्या गोळ्या बाजूला काढायच्या, ते ठरविता येते.

औषधनियमांत मेळ घालणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची 'क्यू-१३' ही मार्गदर्शिका २०२२ मध्ये मंजूर झाली. आत गेलेला माल, बाहेर आलेला माल किंवा ठरलेल्या वेगाने यंत्र चालल्याचा वेळ, यांवरून बॅच ठरविता येते, असे ती सांगते. व्याख्या नेटकी आहे. मात्र किती चढउतार चालवून घ्यायचा, हे ठरवून पटवून देण्याचे काम ती उत्पादकावर सोपविते. प्रत्येक औषधाची भुकटी निराळी, तेव्हा सर्वांना एकच आकडा लावता येणार नाही, हे खरे. पण मग सारा भार मोजमापावर येतो. निकट-अवरक्त किरणांनी तपासणाऱ्या साधनाला त्याच्या खिडकीसमोरून जाणारेच कण दिसतात. ज्या भुकटीवर त्याचे गणित बसविले, तिचा पोत बदलला, तर ते गणितही चुकू शकते.

घाणा पूर्णपणे गेला, असेही नाही. याच मार्गदर्शिकेतील गोळ्यांच्या उदाहरणात शेवटचे लेपन घाण्यानेच होते. पद्धत चांगली आहे, पण 'अखंड' हा शब्द म्हणजे चांगल्या गोळीची हमी नव्हे. शिक्षकांनी वर्गात पट्टी दाखवून विचारावे: या नंबरची एक गोळी सदोष निघाली, तर किती गोळ्या परत मागवायच्या, आणि ते कशाच्या आधारे ठरवायचे?