दिवाळींतले किल्ले आणि प्रमाण

दिवाळींत मुलें अंगणांत मातीचे किल्ले रचतात, त्यांचें आम्हांस कौतुक आहे. समाधान मात्र नाहीं. बुरुजावरचा मावळा बुरुजाएवढाच उंच, आणि दरवाजांतून त्याचें डोकेंहि आंत जावयाचें नाहीं! प्लास्टरचा तयार किल्ला विकत आणणारे पालक तर मुलाच्या हातांतली फूटपट्टीच काढून घेतात; हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. सहा फुटी माणूस एक इंचाचा धरल्यास समुद्रसपाटीपासून सुमारें २७०० फूट उंच असलेला रायगड साडेसदतीस फुटांचा होईल. हा हिशेब मुलाकडूनच करवावा. मग अवघ्या गडाचा हट्ट सोडून तो एकटा महादरवाजा घेईल. त्याचे पाऊणशे फुटांपर्यंतचे बुरुज फूटभर उंचींत बसतात, आणि घरचा चिखलहि पुरतो.