पाच दिवसांचं पुस्तक, सहा वर्षांची तयारी

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३. ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असणार. बालसाहित्यावर संशोधन करायचं ठरवलंत तर पहिल्या प्रकरणात ती टाकायचा मोहही होईल. जरा थांबा.

तारखा बरोबर आहेत. पण त्या पुस्तक कागदावर कधी उतरलं तेवढंच सांगतात. माणूस मुलांसाठी लिहिणारा कसा झाला, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी नाशिक सोडून अमळनेरला यावं लागतं.

१९२४ ते १९३० गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहही सांभाळायचे. मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे, १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. म्हणजे वाचक रोज समोर बसलेला. कंटाळला तर लगेच कळणार! मग १९३२ मध्ये धुळ्याचा तुरुंग. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि ते बोलणं लिहून घेणारे होते साने गुरुजी. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत आली. बोललेलं वाक्य जिवंत ठेवून कागदावर आणायचं काम नाशिकच्या आधी वर्षभरात त्यांच्या हातून झालं होतं.

आता पुस्तक उघडा. प्रकरणांना नाव आहे ‘रात्र’. अशा बेचाळीस रात्री. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो. मला यात अमळनेरचं वसतिगृह दिसतं. पण सावध राहा: रात्री जमून कथा ऐकणं ही आपल्याकडची जुनीच रीत, कीर्तन-पुराणातली. त्यामुळे माझं म्हणणं अनुमान आहे, पुरावा नाही. प्रबंधात हा फरक स्पष्ट लिहा, नाहीतर तोंडी परीक्षेत अडकाल.

माझी खरी तक्रार पुढे आहे. ज्या खानदेशी मुलांनी या लेखकाला घडवलं, त्यांचा मुलूख पुस्तकात जवळजवळ नाही. आठवणी पालगड-दापोलीकडच्या, कोकणातल्या. आत्मकथा असल्यानं ते साहजिक आहे, त्याला दोष म्हणता येणार नाही. पण अहिराणी बोलणाऱ्या घरातलं पोर आजही ‘आदर्श बालपण’ म्हणून दुसऱ्याच मुलखाचं बालपण वाचतं. हा दोष गुरुजींचा नाही. एकाच पुस्तकाला सगळ्यांचं बालपण करून टाकणाऱ्या आपल्या वाचनाचा आहे.

तेव्हा विषय शोधताना ‘किती दिवसांत लिहिलं’ एवढ्यावर थांबू नका. लिहिण्याआधी समोर कोण बसलं होतं आणि त्यातलं कोण पुस्तकात आलंच नाही, हे विचारा. जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींनी तर नक्कीच विचारावं. तो प्रश्न आपल्या घरचा आहे.