गुलाबी साडी आणि फोटोत नसलेली आई

'गुलाबी साडी' हे गाणं २०२४च्या सुरुवातीला आलं. मागे सिनेमा नाही, मालिका नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने ते लिहिलं, गायलं; संगीताची बाजू जी-स्पार्कने सांभाळली. यूट्यूबवर ते कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावरही झळकलं. मराठी गाण्याला असं भाग्य क्वचितच.

आता गाण्यात आहे काय? नटलेली बाई आपल्या माणसाकडे फोटो काढायचा हट्ट धरते. बस्स. शांता शेळक्यांच्या 'पैठणी' कवितेत साडीच्या घडीत आजीचा अख्खा जन्म सापडतो, तशी खोली इथे शोधू नये. रीलमध्ये मुखडाच तेवढा वाजतो, अंतरे कुणाला आठवतही नाहीत. बाईचा हट्ट लिहिणारा नि गाणारा पुरुषच, हेही मला खटकतं. त्याच्या आधीच्या 'नऊवारी'तही साडीचीच मागणी. बायकांना दुसरं काही मागायचंच नसतं का हो?

तरी गाणं मला आवडतं. का, ते घरातले अल्बम उघडून बघा. बारसं, पंचकल्याणक पूजा, शिखरजीची यात्रा, सगळे आहेत, आई नाही. ती पंगतीत वाढत होती, नाहीतर धर्मशाळेत पिशव्या राखत बसली होती. माझाही एक फोटो काढा, एवढं म्हणायचं तिला कधी सुचलं नाही, सुचलं तरी लाज वाटली. हे गाणं ते बिनधास्त म्हणून टाकतं.

आपल्या समाजात मोठा मान पांढऱ्या साडीला, आर्यिका मातांच्या. तो योग्यच, त्यांनी रंग आपणहून सोडला. पण संसारी बाईचे रंग दुसरेच सोडवतात. पन्नाशी उलटली की, "हा रंग आता शोभतो का?" विधवेला तर कुणी तेवढंही विचारत नाही.

आणि नेमक्या याच वयाच्या बायकांनी हे गाणं उचललं. माधुरी दीक्षितचं रीलही पन्नाशीनंतरचंच. बिनाका गीतमालेत रेकॉर्डच्या खपाला मोल होतं; दुकानात जाऊन तबकडी घेणाऱ्या गृहिणी अशा किती असतील? आता भाकरी थापताना मोबाईलवर लावलेलं गाणंही मोजलं जातं. त्या कोट्यवधींत आपणही आहोत.

आमच्या वाळपईत चवथीला फुगड्या आटोपल्या की कुणीतरी हे लावतं. आधी उठतात त्या साठीच्या बायका, मुली मागाहून.