हे तुम्ही ऐकायलाच हवं!

औषध आणि गाणं या दोन गोष्टी दुसऱ्याला सुचवायला आपल्याकडे कसलीही पदवी लागत नाही. तुम्ही नुसते शिंकलात की शेजारचा गृहस्थ गवती चहाचा काढा सांगतो, आणि नुसते गुणगुणलात की पलीकडचा म्हणतो, "हे काहीच नाही हो, तुम्ही अमुक ऐकलंय का?" फरक एवढाच, की काढा सांगणारा सांगून निघून जातो. तुम्ही तो पिता की मोरीत ओतता हे बघायला तो थांबत नाही. गाणं सांगणारा थांबतो.

हा थांबणारा म्हणजे सुचवणाऱ्यांतला पहिला प्रकार. याला मी पहारेकरी म्हणतो. हा गाणं लावतो आणि गाण्याकडे पाठ करून तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. "आता बघा हं... आता येतंय... आलं!" असं म्हणून तो नेमक्या त्या जागेवर इतक्या जोरात 'आहा' करतो की ती जागा काही तुम्हाला ऐकू येत नाही. दुसरा प्रकार इतिहासाचार्यांचा. तुम्ही कुठल्याही रेकॉर्डचं नाव घ्या, यांच्या मते खरं गाणं त्या रेकॉर्डच्या आदल्या दिवशी, कुणाच्या तरी माडीवर, सतरा माणसांत झालेलं असतं आणि त्याचं ध्वनिमुद्रण नसतं. तिसरा घाऊक व्यापारी. सकाळी दात घासेपर्यंत हा फोनवर अकरा गाणी पाठवतो आणि दुपारी विचारतो, "सातवं कसं वाटलं?"

अलीकडे यात चौथ्याची भर पडली आहे. तो म्हणजे खुद्द फोन. हा बिचारा चेहऱ्याकडे बघत नाही, इतिहास सांगत नाही. पण याचा स्वभाव लग्नाच्या पंगतीतल्या वाढप्यासारखा. तुमच्या पानातलं श्रीखंड संपलं असं दिसलं की तो आणखी श्रीखंड वाढतो. तुम्ही एकदा भीमपलास ऐकलात की पुढचे आठ दिवस भीमपलास. श्रीखंडानंतर माणसाला मठ्ठा लागतो हे त्याला कळत नाही. ते कळायला शेजारी जेवणारा माणूसच लागतो.

म्हणून माणसाने माणसाला गाणं सुचवणं ही कला टिकली पाहिजे असं माझं मत आहे. पण ती कला आहे, आणि आपण ती फार वाईट रीतीने वापरतो. 'अप्रतिम', 'दैवी', 'शब्दच नाहीत' एवढ्या भांडवलावर आपण दुसऱ्याचा तास मागतो. कुणी घर बघायला आला तर त्याला "घर अप्रतिम आहे" असं सांगून आपण रस्त्यावर उभं करत नाही. दार कुठे आहे ते दाखवतो. गाण्यालाही दार असतं. ते कुठे आहे आणि पहिल्या भेटीत किती वेळ बसायचं, एवढं ज्याने सांगितलं त्याने सुचवलं. बाकीच्यांनी नुसती जाहिरात केली.

दार न दाखवता आत सोडलं की काय होतं, याचं उत्तम उदाहरण १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये घडलं. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम होता. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी आपापली वाद्यं जुळवली आणि सगळ्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीतरी रविशंकरांनी हसत सांगितलं. लोकांनी ओसरीलाच देवघर समजून नमस्कार केला होता! अर्थात ओसरीत नमस्कार करणारा परवडला. दारातूनच "हे आमचं नाही" म्हणून परत फिरणारे आपल्याकडे जास्त.

आता नुसती टीका करून भागणार नाही. तेव्हा चार दारं दाखवतो.

पहिलं, जे फक्त राग ऐकतात त्यांच्यासाठी. माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवाल्याची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड. १९५९ साली मार्च आणि एप्रिल महिन्यांतल्या दोन दिवसांत ती झाली. वादकांच्या हातात पूर्ण लिहिलेलं संगीत नव्हतं, नुसते आराखडे होते. म्हणजे आपली बैठकच. तिच्यातला पहिला तुकडा 'सो व्हॉट' तेवढा ऐका, नऊ-साडेनऊ मिनिटांचा आहे. सुरुवातीला पियानो आणि बेस जरा चाचपडतात, तो आलाप समजा. मग बेस एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात. 'सो व्हॉट' म्हणजे 'बरं, मग?' आणि ते उत्तर अगदी तसंच येतं. यातले सूर आपल्या काफी थाटाचे आहेत, गंधार-निषाद कोमल. काफी राग मात्र शोधू नका. थाट जुळला म्हणून राग जुळत नाही, आडनाव जुळलं म्हणून भाऊबंद होत नाहीत तसंच. आणि बत्तीस मापांच्या चक्रात मधली आठ मापं षड्जच अर्ध्या सुराने वर सरकतो! आपल्याकडे मध्येच कुणी तंबोरा वर सरकवला तर गवई उठून जाईल. इथे तोच आनंद आहे. ती सरक ऐकू आली की तुम्ही घरात आलात.

दुसरं, "आम्हाला ते वेस्टर्न नाही झेपत" म्हणणाऱ्यांसाठी. यांना मी १९५१ सालच्या 'अलबेला'ची गाणी आठवायला सांगतो. त्यांचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले राम चितळकर. आणि त्यांच्या हाताशी होता चिक चॉकलेट नावाने ओळखला जाणारा गोव्याचा ट्रंपेटवादक. त्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ज्या गाण्यावर आपल्या दोन पिढ्या वरातीत नाचल्या त्या गाण्यात जॅझ कधीच येऊन बसला आहे, पंक्तीला जेवूनही गेला आहे. हे पटलं की पुढची पायरी चढा: क्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोंकणी गाणी. पितळी वाद्यांचा तो झगझगीत आवाज आणि त्यावर स्वार होणारा लोर्नाचा गळा. भाषा निम्मी कळते आणि निम्मी कळल्यासारखी वाटते. पहिल्या भेटीला दोन गाणी पुरेत.

तिसरं, पियानो म्हणजे सिनेमातल्या श्रीमंत नायिकेच्या दिवाणखान्यातलं फर्निचर असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. बाखचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', वाजवणारा ग्लेन गूल्ड. सुरुवातीला एक संथ धून, मग तिचे तीस अवतार, शेवटी पुन्हा तीच धून. गंमत अशी, की अवतार धुनेचे नसून तिच्याखालच्या खर्जाच्या चालीचे आहेत. तबल्याच्या एकल वादनात लेहरा खाली फिरत राहतो आणि वर वादक काय वाटेल ते करतो, साधारण तसं. गूल्डने हे १९५५ साली वाजवलं तेव्हा साडेअडतीस मिनिटांत संपवलं. १९८१ साली पुन्हा वाजवलं तेव्हा एक्कावन्न मिनिटं लागली. तुम्ही फक्त सुरुवातीची धून दोन्ही रेकॉर्डवर पाठोपाठ ऐका. तोच माणूस, तेच सूर, मध्ये सव्वीस वर्षं. पुढच्याच वर्षी, पन्नासाव्या वर्षी, तो गेला. गूल्ड वाजवताना गुणगुणतो आणि ते रेकॉर्डवर ऐकूही येतं. एवढं कळलं की आपल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं.

चौथं दार सगळ्यांत जवळचं, म्हणून सगळ्यांत अवघड. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी. आपण संगीताचे 'शास्त्रीय', 'उपशास्त्रीय' आणि 'सुगम' असे कप्पे केले; म्हणजे एक साहेब, एक उपसाहेब आणि तिसरा सुगम, ज्याच्याकडे कुणीही सहज जाऊ शकतं. या कचेरीत लावणीला बसायला खुर्चीच नाही. ठुमरीत एकाच ओळीचा अर्थ सात प्रकारे फिरवला की आपण मान डोलावतो. बैठकीच्या लावणीत गाणारी बसल्याजागी, गळ्याने आणि चेहऱ्याने नेमकं तेच करते, तेव्हा मात्र घरात कोण कोण आहे ते आधी पाहतो. ठुमरीसाठी मनाने बनारसपर्यंत जाणारा रसिक वाईला फक्त ढोल्या गणपती आणि मेणवलीचा वाडा बघून परततो. यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. दार दाखवायला आपण एवढा उशीर केला. पहिल्या भेटीला एकच लावणी ऐका, आणि शब्दांचं वय न मोजता त्या ओळीचं काय होतं तेवढं बघा.

सुचवण्याचा हुकूम झाला की काय होतं तेही सांगून ठेवतो. १९५२ साली बी. व्ही. केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. लोकांनी चांगलं ऐकावं ही त्यांची इच्छा खरीच होती. पण त्यासाठी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली होती. शेवटी १९५७ साली आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. दार दाखवण्याऐवजी खिडक्या बंद केल्या की माणूस कौलं काढून बाहेर पडतो.

याच्या उलट गोष्ट कुमार गंधर्वांची. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते देवासला आले. गाणं बंद, नुसतं पडून राहायचं. त्यांना कुणी काही सुचवलं नाही. आसपासचे लोक आपापल्या कामाला जाता-येता माळव्यातली गाणी गात होते, आणि अंथरुणावरचा हा गवई ऐकत होता. त्या ऐकण्यातून पुढे लोकधुनांमधून उगवलेले नवे राग आले. रागदारीच्या शिखरावरच्या माणसाने रस्त्यावरचं गाणं 'हे आमचं नाही' म्हणून परत पाठवलं नाही. आणि त्या गाणाऱ्यांपैकी कुणीही खिडकीत डोकावून "कसं वाटलं?" असं विचारलं नव्हतं.

कारण खरा धोका त्या प्रश्नात आहे. गाणं सुचवणं म्हणजे आमच्या बँकेच्या भाषेत जामीन राहणं. कर्ज घेणारा निवांत झोपतो, घाम जामीनदाराला फुटतो. वीस वर्षं जिवाशी धरलेलं गाणं आपण मित्राच्या हातात ठेवतो आणि तो ऐकून म्हणतो, "ठीक आहे." मराठी भाषेत याहून क्रूर शब्द नाहीत. "वाईट आहे" म्हणाला असता तर भांडता आलं असतं. पण त्याच्या त्या 'ठीक आहे'ने गाण्याचं काही बिघडत नाही, आणि खरं तर मैत्रीचंही बिघडू नये. आज नाही तर दहा वर्षांनी, एखाद्या पावसाळी संध्याकाळी, ते त्याला आपोआप ऐकू येईल. तेव्हा आपण समोर नसलो तरी चालेल.

म्हणून सुचवणाऱ्याने दार दाखवावं, गाणं लावून द्यावं आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघून जावं. परत आल्यावर फक्त भाजीबद्दल बोलावं.