‘जीप’चे रूप आणि मालकी

‘जीप’चा इतिहास बहुधा एका कंपनीचा इतिहास म्हणून मांडला जातो, ही मांडणी अपुरी आहे. १९४० साली अमेरिकी लष्करासाठी पहिला नमुना बॅन्टम कंपनीने घडविला. युद्धकाळातील उत्पादन मुख्यतः विलिस व फोर्ड यांनी केले. युद्धानंतर महिंद्र समूहाने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे मराठीत ‘जीप’ हे सामान्यनामच झाले. जीपच्या मालक कंपनीने २०१८ साली बाह्यरूपातील साधर्म्यावरून महिंद्रच्या ‘रॉक्सर’विरुद्ध तक्रार केली, २०२० साली अमेरिकी व्यापार आयोगाने रॉक्सरच्या मूळ रूपास आयातबंदी केली. कायदा रूपाची मालकी ठरवितो. आकर्षण मात्र अनेकांच्या हातून, कच्च्या रस्त्यांवरील दीर्घ वापरातून घडते. जीपच्या समीक्षेचा आरंभ म्हणूनच वापराच्या इतिहासापासून व्हावयास हवा.