गोअत्तीच्या पाटीवर साल नाही

सामी संस्कृतीच्या खुल्या संग्रहालयाविषयी लिहायचे तर सुरुवात उत्तर ध्रुववृत्तापाशी होत नाही, हाम्बुर्गला होते. १८७५ साली कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने तिथे रेनडिअर आणले आणि त्यांच्याबरोबर काही सामी माणसेही आणली. तंबू, बर्फगाड्या, तान्ह्या मुलासकट. लोक तिकीट काढून पाहायला आले. १८९१ मध्ये आर्तुर हाझेलियुस यांनी स्टॉकहोमला स्कान्सेन उभारले. त्यातही सामी वस्ती होती, रेनडिअर होते आणि त्या वस्तीत राहून दाखवणारी माणसे होती. आजचे कुठलेही सामी संग्रहालय या पूर्वजांना विसरून वाचता येणार नाही, असे मला वाटते.

मी पाहिले ते स्वीडनमधल्या किरुनाजवळच्या एका खेड्यातले. लाकडी कुंपणात दहा-बारा रेनडिअर. शिरताना हातावर मूठभर पांढुरके लायकेन ठेवतात. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे हे दूरचे भाऊबंद. हिवाळ्यात रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून तेच शोधतो. पुढे 'लाव्वु' हा तंबू, एका खांबावर उभे केलेले 'न्याल्ला' हे कोठार, आणि बर्चच्या साली व गवताळ मातीची ढेपळे रचून केलेली 'गोअत्ती'. आत चूल, धूर, जमिनीवर कातडी. मांडणी देखणी आहे. पण गोअत्तीच्या पाटीवर साल नाही. सामी असेच राहत, एवढेच कळते. कधी, आणि कोणाच्या मर्जीने, हे कळत नाही.

हा तपशिलाचा हट्ट नव्हे. १९१३ नंतर स्वीडिश शासनाने फिरत्या रेनडिअर-पालकांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. लहान मुलांचे वर्ग गोअत्तीत भरत, शिक्षण इतर मुलांपेक्षा तोकडे असे. पक्क्या घराची सवय लागली तर ही मुले रेनडिअर सोडतील, ही भीती. 'लाप हा लापच राहावा' असे त्या धोरणाचे सूत्र होते. १९२८ च्या कायद्याने चराईबरोबर शिकार-मासेमारीचे हक्कही रेनडिअर पाळणाऱ्या घराण्यांपुरते आखले. इतर सामी त्या हक्कांतून बाहेर पडले, आणि आजही बहुसंख्य सामी रेनडिअर पाळत नाहीत. म्हणजे गोअत्ती आणि रेनडिअर शेजारी ठेवून 'हे सामी' म्हणणारी मांडणी नकळत त्या जुन्या कायद्याचीच व्याख्या गिरवते.

संग्रहालय वाचते ते माहिती सांगणाऱ्या माणसामुळे. तो स्वतः रेनडिअर पाळणारा. कानावर चाकूने पाडलेल्या खाचा त्याने दाखवल्या. प्रत्येक मालकाची खूण निराळी आणि नोंदलेली. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडतो, तो गोठून बर्फावर कवच धरतो, खालचे लायकेन जनावराला मिळत नाही आणि चारा विकत आणावा लागतो, हे त्याने हिशेबनिसाच्या कोरडेपणाने सांगितले. एका पाहुण्याने विचारले, तुमचे रेनडिअर किती? तो म्हणाला, तुमच्या बँकेत किती आहेत ते आधी सांगा. सगळे हसले, पण हागेनबेकच्या कुंपणातल्या माणसाला असे उलट विचारण्याची सोय नव्हती.

मला इथे यूहान तुरी आठवले. १९१० साली आलेले त्यांचे 'मुइतालुस' हे सामी लेखकाने सामी भाषेत लिहिलेले पहिले धर्मेतर पुस्तक. डॅनिश चित्रकार एमिली देमांत यांनी ते संपादून डॅनिश भाषांतरासह छापवले. रेनडिअरविषयी इतक्या बारकाईने लिहिणारे तुरी स्वतः मात्र लांडग्यांचे शिकारी म्हणून ओळखले जात. गोअत्ती-रेनडिअरच्या चौकटीत त्यांनाच नीट बसवता येत नाही, आणि संग्रहालयात त्यांचे नावही मला कुठे दिसले नाही.

जानेवारी २०२० मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास या सामी पशुपालक संघाला आपल्या भागातील लहान शिकार व मासेमारीचे परवाने देण्याचा एकट्याचा हक्क मान्य केला. आधार होता स्मरणापलीकडून चालत आलेल्या वापराचा. इतिहासाने न्यायालयात जिंकलेला हा दावा गोअत्तीशेजारी सांगायला एक पाटी पुरली असती. चुलीची माहिती तर तीन भाषांत लावलेली आहे.